मानेचं माप

फेब्रुवारी. इडसला सहा दिवस.

मालकांनी जुन्या आराखड्यांची एक गुंडाळी जाळायला दिली होती. मागची बाजू कोरी निघाली म्हणून ठेवून घेतली. मी लिहायला शिकलो ते थडग्यांवरची अक्षरं कोरून, त्यामुळे हात आपोआप 'येथे विसावला आहे' असं लिहायला जातो. मी काही अजून विसावलेलो नाही. तेच माझं दुखणं.

अद्रास्तोस, गाव अफ्रोदिसियास, पाथरवट. वय बावीस किंवा तेवीस. रोमला येऊन चौदा महिने झाले, त्यातले बारा कंटाळण्यात गेले. मार्चमध्ये हिवाळा सरून जहाजांना समुद्र उघडला की पहिल्या जहाजाने अलेक्झांड्रिया. तिथून पुढे कुठे, ते तिथे गेल्यावर बघू. आई म्हणायची, ह्याच्या तळव्यांना मुंग्या लागल्यात.

इथली माणसं दिवससुद्धा उलटे मोजतात. आज कितवा दिवस ते सांगत नाहीत, पुढच्या ठरलेल्या दिवसाला, म्हणजे महिन्याच्या मध्यावरच्या इडसला किंवा पुढच्या पहिलीला, किती उरले ते सांगतात. मलाही आता तीच सवय लागली आहे.

फेब्रुवारी. इडसला चार दिवस.

बाकीचे तिघे खाणीवर गेलेत. नदीकाठच्या ह्या कारखान्यात मी आणि सोतास दोघेच, आणि वरच्या खोलीत व्हिबियस मालक. मी केस कोरतो. दिवसभर सामता, म्हणजे दोरीचं गिरमिट, फिरवायचा आणि एकेका बटेच्या मुळाशी भोक पाडायचं. सोतास दगड घोटतो. चाळीस वर्षं तेच काम, त्याच्या बोटांवरचे ठसेसुद्धा घोटून गेलेत. तो माझ्याच मुलुखातला. फरक इतकाच की मी जहाजाचं भाडं देऊन आलो आणि तो विकला जाऊन आला. मला भिरभिऱ्या म्हणतो. मी त्याला काका म्हणतो. गुलामाला काका कशाला म्हणतोस, असं मालकांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, दुसरं कोण आहे इथे म्हणायला?

आज दोघांनी चणे शिजवले. त्याने मीठ घातलं, मीही घातलं. तसेच खाल्ले.

फेब्रुवारी. मार्चच्या पहिलीला दहा दिवस.

नवं काम आलं. हिलारस नावाचा माणूस, टेकडीवरच्या कुठल्याशा सेनेटरच्या वाड्यावरचा कारभारी. कापडात गुंडाळून एका चेहऱ्याचा चुन्याचा साचा घेऊन आला. साच्यातला माणूस साठीचा, हनुवटीला खळी, एक कान फाटका. म्हणाला, आमच्या मालकांचे काका वारले, त्यांचं डोकं करायचंय. नुसतं डोकं. धड आधीच आहे.

डोक्यावर ओकच्या पानांचा मुकुट हवा म्हणाला. त्यांच्याकडे ओकची रानं असतील. मला मजा वाटली, कारण पानं कोरणं म्हणजे रोजच्या बटांपेक्षा बरं.

घाई मात्र विचित्र. एप्रिलच्या खेळांआधी पाहिजे. मेलेल्या माणसाला कसली घाई?

सोतासने साचा हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि परत कापडात गुंडाळला. मला म्हणाला, "तू केस कर. पानं कर. चेहऱ्याकडे बघू नकोस, चेहरा मी करतो." इतक्या वर्षांत त्याने चेहरा केल्याचं कुणी पाहिलेलं नाही. म्हाताऱ्यालाही कधीतरी मिरवावंसं वाटत असेल.

मार्च. पहिलीनंतरचा दिवस.

आज बाहेर पडलो. मालकांनी शिडी आणि दोरी देऊन चौकातल्या मोठ्या दालनात पाठवलं, सम्राटाच्या पुतळ्यावरची कबुतरांची घाण काढायला. आणि घाण काढताना मानेचं माप घेऊन यायचं. मानेखालचा सुळका धडाच्या खोबणीत बसतो ना, तिथला घेर आणि खोली. त्या वारलेल्या काकांचं धड ह्याच मापाचं आहे म्हणे.

बाहेरच्यांना हे माहीत नसतं, पण आमच्या धंद्यात धड एकीकडे आणि डोकं एकीकडे. एक सम्राट जातो, दुसरा येतो, चिलखत घातलेलं धड तसंच उभं राहतं. सोतासने एका धडावर तीन डोकी बसवली आहेत. म्हणतो, धडाला काही फरक पडत नाही, ते हात पुढे करून उभंच असतं.

पहारेकऱ्याने जांभई दिली आणि विचारलं, काय रे वर काय करतोस? मी म्हटलं, साहेबांची मान पुसतोय. तो हसला. खाली भाजीवाल्या, पोरंटोरं, दोन वकील, सगळे माना वर करून बघत होते. चौदा महिन्यांत पहिल्यांदा मी रोमला उंचावरून पाहिलं.

मार्च. इडसला अकरा दिवस.

काल संध्याकाळी पुलाजवळच्या गुत्त्यात गेलो. सगळे आपापल्या फुशारक्या मारत होते. एक खाटीक म्हणाला की त्याच्याकडची बोकडाची मूत्रपिंडं सम्राटाच्या ताटात जातात. मग मीही उठलो आणि म्हटलं, "तुमचं राहू द्या. मी परवाच सम्राटाच्या गळ्याला दोरी लावली. महिन्याभरात नवीन डोकं बसतंय की नाही बघा."

आमच्या कारखान्यात हे रोजचं बोलणं आहे. ह्याचं डोकं उतरव, त्याची मान तास. पण गुत्त्यातल्यांनी माना खाली घातल्या. खाटीक आपला पेला घेऊन दुसऱ्या बाकावर गेला. दगड न कळणाऱ्या माणसांशी विनोद करू नये.

एक माणूस मात्र मनापासून हसला. एपाफ्रोस नाव. धुतलेले कपडे, मऊ हात. त्याची आई आमच्या बाजूची, म्हणून मला गाववाल्या म्हणायला लागला. त्याने माझा पेला भरला आणि कामाबद्दल विचारत बसला. कुणाचं डोकं, कसली पानं, मापाची दोरी कुणी दिली. कामाबद्दल इतकं कुणी विचारत नाही. मी सगळं समजावून सांगितलं. सामता कसा धरतात तेही दाखवलं. त्यालाही आईच्या थडग्यासाठी काहीतरी करून घ्यायचंय म्हणे. परत भेटू म्हणाला.

इथे आल्यापासून पहिला मित्र.

मार्च. इडसला दोन दिवस.

समुद्र उघडला. मालकांना सांगायला वर गेलो की पानं झाली, आता मी निघतो. त्यांनी ऐकून घेतलं नाही. खेळ होईपर्यंत कुणी कुठे जायचं नाही म्हणाले. मी म्हटलं, मी गुलाम नाही. ते म्हणाले, फाटकाला ते माहीत नाही.

खरोखर खाली येऊन बघतो तर फाटकाला कुलूप, किल्ली मालकांच्या कमरेला. पाव, कांदे, तेल आता मालक स्वतः आणतात.

मार्च. एप्रिलच्या पहिलीला चौदा दिवस.

संगमरवराची भुकटी खोकून बाहेर काढतो. भिंतीपासून भिंतीपर्यंत एकेचाळीस पावलं. तिरकं चाललं तर छप्पन्न. सोतास म्हणतो, भिरभिऱ्या, तिरका चाल, तेवढाच प्रवास.

मार्च. एप्रिलच्या पहिलीला नऊ दिवस.

मुकुटाची पानं खरी वाटतात की नाही ते पाहायला मालकांनी मला आज सोबत नेलं. खऱ्या ओकची फांदी बघायची होती. देवळाच्या आवारात झाड आहे. परतताना एक पालखी आडवी गेली. पडदा उघडा होता. आत हिलारसच्या मालकांचे वारलेले काका बसून सुके अंजीर खात होते.

हनुवटीची खळी, फाटका कान, सगळं तेच. त्यांनी देठ बाहेर टाकला तो माझ्या पायाशी पडला.

मी मालकांकडे बघितलं. मालक जमिनीकडे बघत होते.

कारखान्यात आल्यावर सोतासला सांगितलं. त्याने हातातला घोटायचा झावा खाली ठेवला नाही. म्हणाला, "तू काही पाहिलं नाहीस. पालखीचा पडदा बंद होता." मी म्हटलं, काका, उघडा होता. तो म्हणाला, "बंद होता, बाळा."

मला बाळा आजवर कधी म्हणाला नव्हता. तेव्हा मला कळलं. ओकची पानं सम्राटच घालतो, चौकातल्या त्याच्या धडावर हे डोकं बसवायचंय, म्हणूनच खेळांची तारीख. इतके दिवस मी त्यावर सामता फिरवत होतो आणि मला कळलं नाही. सोतासकाकांना पहिल्या दिवशीच कळलं होतं. माझ्या जिवासाठी त्यांनी चेहरा आपल्या अंगावर घेतला.

कुणाला जाऊन सांगावं? चौकात शंभर माणसांनी पाहिलंय की सम्राटाच्या गळ्याला दोरी लावणारा मी. माझी आणि सोतासची, दोघांचीही मान आता त्या दगडाला बांधलेली आहे.

एप्रिल. इडसला आठ दिवस. खेळांचा पहिला दिवस.

सकाळी मालक नवा अंगरखा घालून गेले. हिलारस दुपारी चार माणसं घेऊन डोकं न्यायला येणार होता. आम्ही ते पेंढ्यात बांधून फाटकाजवळ ठेवलं.

दुपारपर्यंत रंगशाळेतून लोकांचा आवाज येत होता, नेहमीसारखा, लाट येऊन फुटावी तसा. मग मध्येच तुटला. बराच वेळ काही नाही. नंतर घोडे.

हिलारस आला नाही.

एप्रिल. इडसला सात दिवस.

पलीकडच्या कुंपणावरून लाकडाच्या वखारीतल्या बाईने ओरडून सांगितलं. सम्राट ठणठणीत आहे. आसनापर्यंत पोचायच्या आतच सगळे धरले गेले. शिपाई आधीपासून प्रेक्षकांत साध्या कपड्यांत बसले होते, जणू काही कोण कुठून येणार ते ठाऊकच होतं. अंजीर खाणारा म्हणजे हिलारसचा मालक, तो सेनेटरच; घरी गेला आणि शिरा कापून घेऊन मेला. हिलारसला पुलावर मारला.

त्यांना कळलं तरी कसं? इतक्या गुपचूप चाललं होतं. मी सोतासला विचारलं. त्याने पाव मोडून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, संपत आलाय, अर्धाच खा.

मालक परतले नाहीत. फाटक बाहेरून बंद. आत आम्ही दोघं आणि तिसरं ते डोकं.

एप्रिल. इडसला पाच दिवस.

फोडून टाकू म्हटलं. सोतास म्हणाला, फोडशील, पण ओठाचा एवढासा तुकडासुद्धा ओठच दिसतो, आणि तुकडे टाकणार कुठे? चुन्याची भट्टी भिंतीपलीकडे, नदी भिंतीपलीकडे. पुरावं तर सगळ्या जमिनीला फरसबंदी.

मग त्यानेच युक्ती काढली. ज्या एका चेहऱ्याबद्दल कुणी प्रश्न विचारत नाही तो चेहरा करायचा. सम्राटाचा. मुकुट तर आहेच, तो त्याच्या हक्काचा. हनुवटीची खळी तासून सपाट करायची, गाल आत घ्यायचे, फाटका कान नीट करायचा.

आम्ही काल आणि आज सतत काम केलं. दगडाचं एक असतं, त्यातून काढता येतं, त्यात घालता येत नाही. सम्राटाचे कान मोठे, सुपासारखे. आमच्याकडे उरलेले कान लहान. सोतास म्हणाला, "एवढ्या कानांनी त्याला कमी ऐकू येईल. देशाचं भलंच होईल." दोघंही हसत सुटलो, हसता हसता मला रडू आलं.

संध्याकाळी सोतासने शेवटचा हात फिरवला. अंजीर खाणारा माणूस गेला. उरलेलं डोकं बेताचं, जरा अशक्त, पण सम्राटाचंच. आता कुणीही येऊ दे.

एप्रिल. इडसला चार दिवस.

आज सकाळी फाटक उघडलं. सहा शिपाई, आणि त्यांच्या पुढे एपाफ्रोस. माझा मित्र एपाफ्रोस. मला इतका आनंद झाला की मी धावत गेलो. एका शिपायाने भाल्याचा दांडा छातीला लावला.

एपाफ्रोस डोक्याभोवती दोनदा फिरला. कानाला हात लावून बघितला. मग हताश होऊन दगडाच्या ठोकळ्यावर बसला.

"काय केलंत हे, गाववाल्या?" तो म्हणाला. "मला तो चेहरा हवा होता. चेहरा असता तर कुणाला काही विचारावं लागलं नसतं."

हळूहळू त्याने मला सांगितलं. गुत्त्यातलं माझं बोलणं त्याने दुसऱ्याच दिवशी वर पोचवलं होतं. त्यावरून वाड्यावर माणसं ठेवली, हिलारसच्या मागे माणसं ठेवली, सगळा कट त्या एका विनोदाने उघडा पडला. त्याच्या अहवालात लिहिलंय की पाथरवट अद्रास्तोस हा निष्ठेने स्वतःहून सांगायला आला. पण पुरावा मागितलाय. पुरावा म्हणजे हे डोकं, आणि हे डोकं आता सम्राटाचं आहे. आता न्यायाधीश विचारणार, पाथरवटाला ठाऊक होतं म्हणून त्याने चेहरा तासला का?

मी विचारलं, मालकांना विचारा ना. तो म्हणाला, व्हिबियस बंदरावर सापडला, आता तो कुणाला उत्तर देत नाही.

"राहिला हा म्हातारा," एपाफ्रोस म्हणाला. "गुलामाची साक्ष नुसती चालत नाही. छळ करून घ्यावी लागते. मी काही हा कायदा केला नाही."

सोतास दुसऱ्या टोकाला पाणी शिंपडून जमीन झाडत होता. त्याने वळून पाहिलं नाही.

मग एकदम आठवलं. मी विचारलं, आणि लेखी काही असलं तर? रोजच्या रोज लिहिलेलं, तारखा घालून?

एपाफ्रोसने मान वर केली. म्हणाला, लेखी असलं तर उत्तमच. लेखी असलं तर म्हाताऱ्याला काही विचारायचंच कारण नाही.

उद्या दुपारी न्यायाधीशासमोर. तोपर्यंत फाटकावर दोन शिपाई.

एप्रिल. इडसला तीन दिवस. सकाळ.

मी सोतासला ही गुंडाळी वाचून दाखवली. त्याला अक्षर येत नाही. झावा घासत तो ऐकत होता.

गुत्त्याचा भाग आला तेव्हा मला वाचवेना. माझ्या तोंडाने काय झालं ते आता मला ठाऊक आहे. पण त्यानेच परत वाचायला लावला. म्हणाला, "त्यावर तारीख आहे ना?" आहे म्हटलं. "पालखी दिसायच्या आधीची?" हो म्हटलं. त्याने समाधानाने मान हलवली.

मग विचारलं, "आणि मी म्हणालो ते, चेहऱ्याकडे बघू नकोस, ते घातलंयस?"

"घातलंय."

"पडदा बंद होता म्हणालो ते?"

"तेही आहे. आणि तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं, तेही. आणि युक्ती तुमची. सगळं जसंच्या तसं."

"छान लिहितोस रे भिरभिऱ्या," तो म्हणाला. एवढंसं कौतुक त्याच्याकडून मला सोळा महिन्यांत मिळालं नव्हतं.

मी म्हटलं, कानांचा विनोद तेवढा खरवडून टाकतो, तो सम्राटाला लागेल. माझ्या हातात पातंही होतं. त्याने मनगट धरलं. "एक अक्षर खोडायचं नाही. खोडलेलं दिसलं की बाकीच्यावर विश्वास बसत नाही. दगडाचं शिकवलं तेच इथेही लागू."

म्हातारा किती हुशार आहे. मला सुचलं नसतं.

तो म्हणतो, तुला सोडतील तेव्हा इथे एक दिवसही थांबू नकोस, बंदरावर जा, पहिलं जहाज कुठलंही असो. मी म्हटलं, तुमची विचारपूस टळली की कारखाना कुणाच्यातरी ताब्यात जाईल, नव्या मालकाला सांगून तुम्हाला मागून घेतो, दोघं जाऊ अलेक्झांड्रियाला, तिथे घोटायला ढीगभर दगड आहे. तो बरं म्हणाला. तिथे चणे मिळतात का, विचारत होता. आज खूप बोलला. आईबद्दल बोलला, त्याच्या स्वतःच्या. तिचं नाव मला ठाऊकच नव्हतं. अम्मियास.

आता ऊन अंगणाच्या मध्यावर आलंय. फाटकाशी एपाफ्रोसचा आवाज येतोय, शिपायांशी काहीतरी हसून बोलतोय. गुंडाळी द्यायची वेळ झाली.

सोतासने टाकीवर आंघोळ केली, केसांतली भुकटी धुऊन काढली आणि पेटीतला धुतलेला अंगरखा घातला. मी म्हटलं, काका, तुम्हाला कशाला, तुम्हाला थोडंच कुठे जायचंय.

असंच, म्हणाला.